मुलांच्या त्वचेतील दुर्मिळ गाठी: बायोप्सीपासून विशेष स्टेनवरच्या निदानापर्यंत

लहान मुलाच्या त्वचेतली गाठ बहुतेक वेळा साधी निघते. पायलोमॅट्रिकोमा, तीळ, डर्मॉइड सिस्ट, रक्तवाहिन्यांची नेहमीची गाठ यांचे निदान हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या, म्हणजे रोजच्या एच अँड ईच्या स्लाइडवरच होते. अडचण येते ती उरलेल्या थोड्या गाठींत. मायक्रोस्कोपखाली एकसारख्या गोल निळ्या पेशींचा थर दिसतो किंवा लांबट स्पिंडल पेशींचे विणकाम दिसते, आणि त्या चित्राचे दोन अगदी वेगळे अर्थ निघू शकतात: आपोआप विरून जाणारी निरुपद्रवी गाठ, किंवा ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग), रॅब्डोमायोसार्कोमा (स्नायूकडे झुकणारा कर्करोग) किंवा न्यूरोब्लास्टोमा (कोवळ्या चेतापेशींचा कर्करोग) यांचा त्वचेतला फैलाव.

हा फरक विशेष स्टेनमधून, म्हणजे ठरावीक घटकच रंगवणाऱ्या प्रक्रियांतून, दिसतो. पण स्टेन विचारलेल्या प्रश्नापुरतेच उत्तर देतो. एच अँड ई नीट न वाचता वीस अँटीबॉडी (एकेका प्रथिनाला चिकटून ते रंगाने दाखवणारे रेणू) लावल्या तर त्यातल्या तीन-चार कशासाठी तरी पॉझिटिव्ह येतातच, आणि चुकीच्या निदानाला पुरावा मिळतो. शिवाय मुलाची बायोप्सी लहान असते, टिश्यू संपला तर त्याच मुलाला पुन्हा सुई टोचावी लागते. म्हणून खाली जे सांगितले आहे त्याचा क्रम महत्त्वाचा आहे.

बायोप्सी आणि फिक्सेशन

गाठ डर्मिसमध्ये, म्हणजे त्वचेच्या आतल्या थरात, असेल तर ४ मिमीचा पंच (गोल पात्याने काढलेला तुकडा) चालतो. चरबीच्या थरात उतरलेल्या गाठीला पंच पुरत नाही, तिथे चरबीसकट खोल इन्सिजनल बायोप्सी घ्यावी. डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबेरान्स या त्वचेच्या कर्करोगाची खरी खूण म्हणजे चरबीत शिरणारी, मधाच्या पोळ्यासारखी रचना. पंचात फक्त वरचा भाग आला तर ती दिसतच नाही.

टिश्यू चिमट्याने दाबून उचलू नये. गोल निळ्या पेशी दाबाने लगेच चिरडतात, त्यांची केंद्रके निळ्या रेघांसारखी ओढली जातात आणि त्या भागावर कोणताही स्टेन वाचता येत नाही. पंच सुईच्या टोकाने कडेने उचलावा. मास्ट पेशींच्या (अॅलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींच्या) गाठीचा संशय असेल तर भूल गाठीत न टोचता भोवती टोचावी आणि आधी गाठ चोळू नये. मास्ट पेशींतले कण बाहेर पडले की टोल्युइडिन ब्लू या रंगाला पकडायला काही उरत नाही.

ल्युकेमिया किंवा लिम्फोमाची शंका असेल तर टिश्यूचा एक छोटा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकण्याआधी बाजूला काढून सलाइनने ओल्या केलेल्या गॉजमध्ये किंवा आरपीएमआय माध्यमात फ्लो सायटोमेट्रीसाठी (सुट्या, ताज्या पेशींवरचे मार्कर तपासण्यासाठी) पाठवावा. फॉर्मलिनमध्ये गेलेला तुकडा फ्लोसाठी कायमचा वाया गेला. ताज्या कापाचे दोन-तीन टच इम्प्रिंट स्मिअर स्लाइडवर घ्यावेत. एक मिनिटाचे काम आहे, आणि ब्लास्ट पेशी (ल्युकेमियातल्या कोवळ्या रक्तपेशी) पॅराफिनमधल्या, म्हणजे मेणात बसवलेल्या, टिश्यूपेक्षा तिथे कितीतरी स्पष्ट दिसतात.

फिक्सेटिव्ह म्हणून १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन वापरावे. एक लिटरसाठी बाजारातले ३७-४० टक्के फॉर्मल्डिहाइड १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पीएच ७ च्या आसपास यायला हवा. बफर न घातलेले फॉर्मलिन हळूहळू आम्लधर्मी होते आणि रक्ताळलेल्या टिश्यूत तपकिरी फॉर्मलिन पिगमेंट जमा होते. मुलांच्या रंगद्रव्य असलेल्या गाठींत ते मेलॅनिन समजले जाण्याची शक्यता असते. फॉर्मलिन टिश्यूच्या निदान दहापट, शक्यतो वीसपट असावे.

फिक्सेशन ६ तासांपेक्षा कमी आणि ७२ तासांपेक्षा जास्त नको. फॉर्मलिन टिश्यूत तासाला साधारण १ मिमी शिरते, पण प्रथिनांचे जोड तयार व्हायला त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, हे अनेकदा विसरले जाते. घाईत प्रोसेसरला लावलेल्या पंचाची कड नीट रंगते आणि मधला भाग फिका राहतो. मग 'फोकल पॉझिटिव्ह' असा रिपोर्ट जातो, जो खरे म्हणजे फिक्सेशनचा दोष असतो.

तपासणीच्या अर्जावर मुलाचे वय आठवड्यांत किंवा महिन्यांत लिहावे. 'बालक' एवढ्यावर काम भागत नाही. तीन आठवड्यांचे बाळ आणि तीन वर्षांचे मूल यांच्या शक्यतांच्या याद्या वेगळ्या असतात. गाठ जन्मतः होती का, एक आहे की अनेक, वाढते आहे की कमी होते आहे, चोळल्यावर फुगते का, आणि रक्ताची पूर्ण तपासणी, विशेषतः प्लेटलेट्स, हे सर्व सोबत यायला हवे.

ब्लॉक कापण्याचा बेत

सर्वाधिक टिश्यू मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप करणाऱ्या यंत्रावर, वाया जातो. प्रत्येक वेळी ब्लॉक (टिश्यू बसवलेला मेणाचा ठोकळा) पुन्हा लावला की पृष्ठभाग सपाट करताना बराच भाग उडतो. असे तीन-चार वेळा झाले की ४ मिमीच्या पंचात गाठ उरत नाही. म्हणून अर्जावरून किंवा ग्रॉसिंगच्या (टिश्यू उघड्या डोळ्यांनी तपासून कापण्याच्या) वेळीच शंका आली तर एकाच बैठकीत सगळे कापून घ्यावे: पहिली स्लाइड एच अँड ई, पुढचे १२ ते १५ सेक्शन (काप) चार्ज्ड, म्हणजे टिश्यू घट्ट धरणाऱ्या, स्लाइडवर न रंगवता, आणि शेवटची पुन्हा एच अँड ई. शेवटच्या स्लाइडमुळे मधल्या कोऱ्या स्लाइड्समध्ये गाठ आहे याची खात्री होते. सेक्शनची जाडी ३ ते ४ मायक्रॉन. त्याहून जाड सेक्शनमध्ये लहान गोल पेशी एकमेकींवर चढतात आणि केंद्रकातला स्टेन कोणत्या पेशीचा हे सांगता येत नाही.

कोऱ्या स्लाइड्स ४ अंशांवर बंद डबीत ठेवाव्यात आणि काही आठवड्यांतच वापराव्यात. काही अँटीजेन (अँटीबॉडी ज्यांना चिकटते ती प्रथिने) कापलेल्या सेक्शनवर हळूहळू क्षीण होतात. उरलेला ब्लॉक जनुकीय चाचण्यांसाठी राखून ठेवावा. दोन केसेसच्या मध्ये ब्लेडचा वापरलेला भाग बदलावा आणि वॉटर बाथवरचे तरंगते तुकडे टिपून काढावेत. दुसऱ्या रुग्णाचा एक तरंगता तुकडा पीसीआर या जनुकीय चाचणीचा निकाल बिघडवायला पुरतो.

एच अँड ईवर गट ठरवणे

पहिल्या स्लाइडवर एकच गोष्ट ठरवायची असते: गाठ कोणत्या गटातली आहे. लहान गोल निळ्या पेशी, हिस्टिओसाइट (टिश्यूतल्या रोगप्रतिकारक पेशी) आणि मास्ट पेशी, स्पिंडल पेशी, रक्तवाहिन्या, किंवा मेलॅनोसाइट (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी). हे न ठरवता अँटीबॉडी मागवू नयेत. इओसिनोफिल (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) दिसले तर लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस आणि मास्टोसायटोसिस दोन्ही मनात ठेवावेत, कारण दोन्हींत ते असतात. केंद्रकात खाच किंवा कॉफीच्या बीसारखी रेघ असेल तर कल लँगरहॅन्सकडे, गोल केंद्रक आणि कणीदार पेशीद्रव असेल तर मास्ट पेशींकडे. टूटॉन पेशी, म्हणजे केंद्रकांचे वर्तुळ आणि बाहेर फेसाळ पेशीद्रव असलेल्या मोठ्या पेशी, दिसल्या तर ज्युव्हेनाइल झँथोग्रॅन्युलोमा (मुलांतली हिस्टिओसाइटची एक गाठ) जवळजवळ ठरला. पण नव्या, कोवळ्या गाठींत त्या नसतात. त्या नाहीत म्हणून निदान रद्द करू नये.

रासायनिक स्टेन: स्वस्त, जलद

इम्युनोच्या, म्हणजे अँटीबॉडीवर आधारलेल्या स्टेनच्या, जमान्यात हे स्टेन मागे पडले आहेत, आणि ते योग्य नाही. यातले दोन तर मुलांच्या गाठींत थेट निदान देतात.

पहिला टोल्युइडिन ब्लू. ७० टक्के अल्कोहोलच्या १०० मिलीमध्ये १ ग्रॅम टोल्युइडिन ब्लू ओ विरघळवून स्टॉक करावे. दुसऱ्या बाटलीत १ टक्का सोडियम क्लोराइडचे द्रावण, ज्याचा पीएच हायड्रोक्लोरिक आम्लाने २.३ वर आणलेला असावा. हे दर वेळी ताजे करावे. वापरण्याआधी ५ मिली स्टॉक ४५ मिली मिठाच्या द्रावणात मिसळावे. पॅराफिन काढून पाण्यापर्यंत आणलेली स्लाइड यात २ ते ३ मिनिटे ठेवावी, डिस्टिल्ड पाण्यात तीनदा धुवावी, मग ९५ टक्के आणि दोनदा १०० टक्के अल्कोहोलमध्ये प्रत्येकी दहा बुचकळ्या, झायलीन आणि माउंट.

मास्ट पेशींतल्या कणांत हेपरिन असते. त्यावर सल्फेटचे इतके दाट ऋणभार असतात की रंगाचे रेणू एकमेकांजवळ रचले जातात आणि निळ्याऐवजी जांभळट लाल दिसतात. याला मेटाक्रोमेशिया म्हणतात. पीएच २.५ च्या वर गेला की आजूबाजूचे इतर घटकही रंग धरतात, पार्श्वभूमी गडद होते आणि फरक पुसट होतो. अल्कोहोलमध्ये स्लाइड विसरली तर लाल छटा धुऊन जाते आणि सगळे निळे उरते. 'मास्ट पेशी नाहीत' असा चुकीचा निकाल याच एका कारणाने सर्वाधिक येतो. म्हणून घड्याळ न बघता बुचकळ्या मोजाव्यात. मास्टोसायटोमात डर्मिस या पेशींनी गच्च भरलेला असतो. अर्टिकेरिया पिगमेंटोझाच्या (मास्ट पेशींच्याच दुसऱ्या एका विकाराच्या) चट्ट्यात मात्र त्या रक्तवाहिन्यांभोवती विरळ असू शकतात, तेव्हा जवळच्या निरोगी त्वचेशी तुलना करावी. कण रिकामे झालेल्या पेशी फिक्या राहतात. तिथे ट्रिप्टेज आणि सीडी ११७ या अँटीबॉडी लावाव्यात. सीडी ११७ मेलॅनोसाइटमध्येही पॉझिटिव्ह असतो, त्यामुळे एपिडर्मिसच्या तळाशी दिसणाऱ्या पेशी मोजणीत धरू नयेत.

दुसरा मॅसन ट्रायक्रोम, इन्फंटाइल डिजिटल फायब्रोमासाठी. ही गाठ बाळाच्या हातापायाच्या बोटांवर येते, अंगठा बहुधा वगळून. काढल्यावर वारंवार उलटते, पण शरीरात पसरत नाही, त्यामुळे निदान पक्के असेल तर बोट विद्रूप करणारी शस्त्रक्रिया टाळता येते. निदानाची खूण म्हणजे स्पिंडल पेशींच्या आत, केंद्रकाला चिकटून असलेले गोल गुलाबी गोळे. एच अँड ईवर ते कोलॅजनच्या गुलाबीत लपतात. फॉर्मलिनमध्ये फिक्स केलेले सेक्शन आधी बूअँच्या द्रावणात ५६ अंशांवर एक तास ठेवावे आणि पिवळेपणा जाईपर्यंत वाहत्या पाण्यात धुवावे. मग वायगर्टचे आयर्न हिमॅटॉक्सिलिन १० मिनिटे, बीब्रिक स्कार्लेट-अॅसिड फ्युक्सिन १० ते १५ मिनिटे, फॉस्फोमॉलिब्डिक-फॉस्फोटंगस्टिक आम्ल १० ते १५ मिनिटे, अॅनिलिन ब्लू ५ ते १० मिनिटे, १ टक्का अॅसेटिक आम्ल २ ते ५ मिनिटे. कोलॅजन निळे होते आणि गोळे झगझगीत लाल उठून दिसतात. तांबड्या रक्तपेशीही लाल होतात आणि आकारानेही जवळपास तेवढ्याच असतात. फरक जागेत आहे: रक्तपेशी वाहिनीच्या पोकळीत किंवा सांडलेल्या पुंजक्यात असतात, गोळा पेशीच्या आत केंद्रकाला टेकून असतो, कधी त्याला खळगा पाडतो. तेल लावून १०० च्या लेन्सखाली हे पाहावे. पीएएसवर (ग्लायकोजेनसारखे साखरयुक्त घटक रंगवणाऱ्या स्टेनवर) हे गोळे रंगत नाहीत, तेही तपासून घ्यावे.

पीएएसचा उपयोग मर्यादित आहे. युइंग सार्कोमाच्या पेशींत ग्लायकोजेन असते आणि ते डायस्टेज या एन्झाइमने नाहीसे होते, पण रॅब्डोमायोसार्कोमातही ते सापडते. त्यामुळे या दोघांतला निर्णय पीएएसवर सोडू नये. डायस्टेजनंतरचा पीएएस स्पिट्झ नीव्हसमधले (मुलांत आढळणाऱ्या एका प्रकारच्या तिळातले) कामिनो बॉडी नावाचे गुलाबी गोळे शोधायला मात्र कामाचा आहे. झँथोग्रॅन्युलोमातली चरबी दाखवायला ऑइल रेड ओ लावायचा तर गोठवलेला सेक्शनच लागतो, पॅराफिनच्या प्रक्रियेत झायलीन चरबी विरघळवून टाकते.

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री: हाताने करायची पद्धत

ऑटोस्टेनर असला तरी पायऱ्यांचा अर्थ माहीत असावा, नाहीतर बिघाड कुठे झाला ते सापडत नाही.

१. चार्ज्ड स्लाइड ६० अंशांवर एक तास वाळवावी. चरबी असलेले त्वचेचे सेक्शन नीट वाळले नाहीत तर पुढच्या उकळीत सुटून जातात.

२. झायलीन ५ मिनिटे दोनदा, मग १००, ९५ आणि ७० टक्के अल्कोहोल, मग पाणी.

३. अँटीजेन रिट्रीव्हल, म्हणजे फॉर्मलिनने झाकलेले अँटीजेन उष्णतेने पुन्हा उघडे करणे. सायट्रेट बफर, पीएच ६: एक लिटर पाण्यात ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९४ ग्रॅम. ट्रिस-ईडीटीए, पीएच ९: ट्रिस बेस १.२१ ग्रॅम आणि डायसोडियम ईडीटीए ०.३७ ग्रॅम. दोन्हींत ट्वीन-२० अर्धा मिली. ९५ ते ९८ अंशांवर २० मिनिटे, मग त्याच बफरमध्ये २० मिनिटे थंड होऊ द्यावे. मायोजेनिन, टीडीटी, एएलके अशा केंद्रकातल्या किंवा अवघड अँटीजेनसाठी बहुधा पीएच ९ चांगला चालतो. पण अँटीबॉडीच्या क्लोनप्रमाणे हे बदलते, म्हणून प्रत्येक नवी अँटीबॉडी दोन्ही बफरमध्ये तपासून मगच पद्धत ठरवावी.

४. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटे. तांबड्या पेशी आणि इओसिनोफिलमधले स्वतःचे पेरॉक्सिडेज यामुळे शांत होते.

५. ट्रिस बफर्ड सलाइन आणि ०.०५ टक्के ट्वीन-२० मध्ये दोनदा धुवावे. या बफरमध्ये सोडियम अझाइड नको, ते पेरॉक्सिडेजला मारते आणि सगळी बॅच निगेटिव्ह येते.

६. प्रोटीन ब्लॉक १० मिनिटे, झटकून टाकावा, धुऊ नये.

७. प्राथमिक अँटीबॉडी १०० ते २०० मायक्रोलिटर, ओलसर बंद डबीत, खोलीच्या तापमानाला ३० ते ६० मिनिटे.

८. बफरने धुऊन एचआरपी पॉलिमर (प्राथमिक अँटीबॉडीला चिकटणारा, पेरॉक्सिडेज जोडलेला रेणू) ३० मिनिटे, पुन्हा धुणे.

९. डीएबी (पेरॉक्सिडेज असेल तिथे तपकिरी होणारे रसायन) ५ ते १० मिनिटे. पहिली स्लाइड मायक्रोस्कोपखाली पाहत थांबवण्याची वेळ ठरवावी आणि बॅचमधल्या सगळ्या स्लाइड्सना तेवढाच वेळ द्यावा.

१०. हिमॅटॉक्सिलिन ३० सेकंद ते १ मिनिट, वाहत्या पाण्यात निळे करणे, अल्कोहोल, झायलीन, माउंट. केंद्रकातल्या मार्करसाठी हिमॅटॉक्सिलिन हलकाच ठेवावा, गडद निळ्याखाली फिका तपकिरी दिसत नाही.

कोणत्याही टप्प्यावर सेक्शन सुकू देऊ नये. सुकलेली कड तपकिरी होते आणि पॉझिटिव्ह भासते. नेक्रोसिस (मेलेला भाग), घड्या आणि चिरडलेला भाग यांवरचा रंग कधीच मोजू नये.

कंट्रोल, म्हणजे पॉझिटिव्ह येणार हे आधीच माहीत असलेला टिश्यू, त्याच स्लाइडवर लावावा, शेजारच्या स्लाइडवरचा कंट्रोल त्या स्लाइडवर अँटीबॉडी पडली होती हे सिद्ध करत नाही. सीडी १ए आणि टीडीटीसाठी थायमस, एएलके आणि फॉक्स-२बी (पीएचओएक्स२बी) साठी अपेंडिक्समधल्या गँग्लियन पेशी, मायोजेनिनसाठी आधी सिद्ध झालेला रॅब्डोमायोसार्कोमा. त्वचेत निसर्गाने दिलेले कंट्रोलही असतात: सीडी १ए आणि लँगेरिनसाठी एपिडर्मिसमधल्या लँगरहॅन्स पेशी, डेस्मिनसाठी केसाला जोडलेला स्नायू, ग्लट-१ साठी तांबड्या पेशी आणि नसेचे आवरण, एस-१०० साठी नसा. ते निगेटिव्ह असतील तर गाठीतला निगेटिव्ह निकाल निरर्थक आहे.

गोल निळ्या पेशी

पहिल्या फेरीत डेस्मिन, मायोजेनिन, सीडी ९९, एनकेएक्स २.२, फॉक्स-२बी, टीडीटी, सीडी ४५, एमपीओ आणि आयएनआय-१ हे मार्कर लावावेत. या नऊमध्ये बहुतेक केस सुटते.

सर्वात धोक्याचा सापळा लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया-लिम्फोमाचा आहे. त्याच्या पेशींत सीडी ४५ निगेटिव्ह किंवा अगदी फिका असू शकतो आणि सीडी ९९ पेशीच्या पटलावर जोरदार येतो. फक्त हे दोनच पाहिले तर निदान युइंग सार्कोमा (हाडाचा किंवा मऊ भागाचा कर्करोग) होते आणि मुलाला पूर्णपणे वेगळे उपचार मिळतात. म्हणून सीडी ९९ पॉझिटिव्ह आला की टीडीटी, पॅक्स-५ किंवा सीडी ७९ए, आणि सीडी ३ पाहिल्याशिवाय युइंग हा शब्द रिपोर्टमध्ये लिहू नये. एनकेएक्स २.२ केंद्रकात पसरलेला असेल तर युइंगला आधार मिळतो, पक्के निदान ईडब्ल्यूएसआर-१ च्या फ्यूजन चाचणीने, म्हणजे हे जनुक दुसऱ्या जनुकाला जोडले गेले आहे का हे पाहून.

मायोजेनिन फक्त केंद्रकातलाच धरावा, पेशीद्रवातला रंग सोडून द्यावा. अल्व्हिओलर रॅब्डोमायोसार्कोमात जवळपास सगळी केंद्रके गडद रंगतात, एम्ब्रायोनलमध्ये तुरळक. पण उपचारासाठी महत्त्वाचा फॉक्स-ओ१ (एफओएक्सओ१) फ्यूजनचा निकाल स्टेनवरून गृहीत धरू नये. आयएनआय-१ उलटा वाचायचा स्टेन आहे: गाठीच्या पेशी निगेटिव्ह आणि त्यांच्यातल्याच रक्तवाहिन्या व लिम्फोसाइट पॉझिटिव्ह असतील तरच तो गहाळ मानायचा. तेव्हा रॅब्डॉइड ट्यूमर या आक्रमक कर्करोगाचा विचार होतो.

न्यूरोब्लास्टोमा सापडला तर घाबरवणारा रिपोर्ट लिहिण्याआधी वय पाहावे. १८ महिन्यांखालील बाळात फैलाव फक्त त्वचा, यकृत आणि अस्थिमज्जा यांपुरता, तोही मज्जेत अल्प प्रमाणात, असेल तर ती एमएस स्टेज असते आणि त्यातल्या बऱ्याच गाठी स्वतःच विरतात. फॉक्स-२बी केंद्रकात आणि सिनॅप्टोफिसिन पेशीद्रवात पॉझिटिव्ह, सीडी ९९ निगेटिव्ह, एवढे लिहून पोटाची सोनोग्राफी आणि लघवीतले कॅटेकोलामाइन तपासायला सांगावे.

हिस्टिओसाइट

लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिससाठी सीडी १ए, लँगेरिन आणि एस-१०० हे त्रिकूट. लँगेरिन आल्यामुळे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बर्बेक कण (लँगरहॅन्स पेशींतली सूक्ष्म खूण) शोधण्याची गरज संपली. सुमारे निम्म्या केसेसमध्ये बीआरएएफ व्ही६००ई हा जनुकीय बदल असतो. त्याची व्हीई-१ अँटीबॉडी उपलब्ध आहे, पण उपचार ठरवण्याआधी जनुकीय चाचणीने खात्री करावी.

इथला सापळा खरजेच्या गाठींचा आहे. खरूज बरी झाल्यावरही काखेत, जांघेत, गुप्तांगावर तांबूस गाठी महिनोनमहिने राहतात. त्यांत सीडी १ए पॉझिटिव्ह पेशी इतक्या दाट असू शकतात की फक्त इम्युनो पाहणारा सरळ हिस्टिओसायटोसिस लिहून मोकळा होतो. एच अँड ईकडे परत जावे. खरजेत पेशी रक्तवाहिन्यांभोवती, लिम्फोसाइट आणि इओसिनोफिलच्या गर्दीत मिसळलेल्या आणि खोलवर असतात. हिस्टिओसायटोसिसमध्ये खाचेदार केंद्रकांच्या पेशींचा थर एपिडर्मिसला लागून असतो आणि त्यात घुसतो. शिंगी थरात किडा, अंडी किंवा विष्ठा शोधण्यासाठी आणखी लेव्हल (ब्लॉकचे आणखी खोलचे काप) कापावेत. सायक्लिन डी-१ हिस्टिओसायटोसिसच्या पेशींत येतो, प्रतिक्रिया म्हणून जमलेल्या पेशींत सहसा येत नाही. घरातल्या इतरांना खाज आहे का, हा प्रश्नही फोन करून विचारावा.

झँथोग्रॅन्युलोमात सीडी ६८, सीडी १६३ आणि फॅक्टर १३ए पॉझिटिव्ह, सीडी १ए आणि लँगेरिन निगेटिव्ह. एस-१०० बहुधा निगेटिव्ह असतो, पण काही केसेसमध्ये येतो. तेवढ्यावरून निदान बदलू नये. चित्र झँथोग्रॅन्युलोमाचे असूनही बाळ आजारी असेल किंवा गाठी अनेक असतील तर एएलके जरूर लावावा, कारण एएलके पॉझिटिव्ह हिस्टिओसायटोसिसवर नेमके औषध उपलब्ध आहे. सीडी १ए पॉझिटिव्ह पण लँगेरिन निगेटिव्ह आला तर इंडिटरमिनेट सेल हिस्टिओसायटोसिस.

स्पिंडल पेशी

सुरुवात एसएमए, डेस्मिन, सीडी ३४, एस-१०० आणि पॅन-टीआरके यांनी करावी.

सीडी ३४ सर्वत्र पॉझिटिव्ह, फॅक्टर १३ए निगेटिव्ह आणि पेशी चरबीत शिरलेल्या असतील तर डर्मॅटोफायब्रोसार्कोमा किंवा त्याचेच बालरूप असलेला जायंट सेल फायब्रोब्लास्टोमा. मात्र जन्मजात, पातळ, सुरकुतलेल्या चट्ट्यात डर्मिसमध्येच मर्यादित सीडी ३४ पॉझिटिव्ह पेशी दिसल्या तर ती मेडॅलियनसारखी निरुपद्रवी डर्मल डेंड्रोसाइट हमार्टोमाही असू शकते. अशा वेळी सीओएल१ए१-पीडीजीएफबी फ्यूजनसाठी फिश चाचणी (जनुकांची जागा चमकत्या ठिपक्यांनी दाखवणारी) केल्याशिवाय रुंद शस्त्रक्रियेची शिफारस करू नये.

इन्फंटाइल फायब्रोसार्कोमाला स्वतःचा असा स्टेन नाही. पॅन-टीआरके पॉझिटिव्ह, विशेषतः केंद्रकातही, आला तर ईटीव्ही६-एनटीआरके३ फ्यूजन शोधावे. टीआरके रोखणारे लारोट्रेक्टिनिब २०१८ पासून वापरात आहे, त्यामुळे हा एक स्टेन बाळाचा हात किंवा पाय वाचवण्याइतका महत्त्वाचा ठरू शकतो. पॅन-टीआरके नसा आणि स्नायूकडे झुकणाऱ्या गाठींतही फिका येतो, म्हणून स्टेन हा फक्त गाळणी समजावा आणि फ्यूजन चाचणीवर निर्णय घ्यावा. एस-१०० आणि सीडी ३४ दोन्ही पॉझिटिव्ह असून एसओएक्स-१० निगेटिव्ह असेल तरीही एनटीआरके तपासावा. मायोफायब्रोमात एसएमए पॉझिटिव्ह, डेस्मिन बहुधा निगेटिव्ह आणि मध्यभागी फांद्या फुटलेल्या रक्तवाहिन्या.

रक्तवाहिन्या आणि मेलॅनोसाइट

इन्फंटाइल हिमॅन्जिओमात ग्लट-१ वाढीच्या, स्थिरतेच्या आणि विरण्याच्या सर्व अवस्थांत पॉझिटिव्ह असतो. जन्मतः पूर्ण वाढलेले हिमॅन्जिओमा, पायोजेनिक ग्रॅन्युलोमा, वाहिन्यांचे दोष आणि कापोसिफॉर्म हिमॅन्जिओएंडोथेलिओमा निगेटिव्ह. वाहिनीतल्या तांबड्या पेशींचा रंग भिंतीचा समजू नये, रिकाम्या वाहिन्या शोधून भिंत पाहावी. कापोसिफॉर्ममध्ये डी२-४० आणि प्रॉक्स-१ स्पिंडल पेशींत पॉझिटिव्ह येतात. या गाठीत प्लेटलेट्स धोकादायक खाली जाऊ शकतात, म्हणून बायोप्सीआधीच रक्त तपासलेले असावे.

स्पिट्झ गाठींत स्टेनवर फार विसंबू नये. एचएमबी-४५ वरून खाली कमी होत जाणे, पी-१६ टिकून असणे आणि केआय-६७ तळाशी कमी असणे धीर देते, पण मुलांतल्या संशयित गाठी अनुभवी डर्मॅटोपॅथॉलॉजिस्टला दाखवाव्यात. मेलॅनिन भरपूर असेल तर तपकिरी डीएबी त्यात हरवतो. तिथे लाल क्रोमोजेन (डीएबीच्या जागी रंग देणारे रसायन) वापरावा. एईसी घेतला तर तो अल्कोहोलमध्ये विरघळतो, म्हणून डिहायड्रेशन न करता पाण्यातल्या माध्यमाने माउंट करावे. लाल क्रोमोजेन नसेल तर डीएबीनंतर हिमॅटॉक्सिलिनऐवजी गीम्सा लावावा: मेलॅनिन हिरवट होते, खरा पॉझिटिव्ह तपकिरीच राहतो.

रिपोर्ट

नुसते 'पॉझिटिव्ह' लिहू नये. केंद्रक, पेशीद्रव की पटल, गाठीच्या किती टक्के पेशी, तीव्रता किती, आणि अंतर्गत कंट्रोल रंगला का, हे प्रत्येक मार्करपुढे लिहावे. निगेटिव्ह मार्करही लिहावेत, पुढच्या डॉक्टरला तेच स्टेन पुन्हा करावे लागू नयेत. निदान पक्के नसेल तर शक्यता क्रमाने लिहून कोणती चाचणी ती मिटवेल ते सांगावे. दुसऱ्या मतासाठी केस पाठवताना ब्लॉक, दोन्ही एच अँड ई, उरलेल्या कोऱ्या स्लाइड्स, रंगवलेले सर्व इम्युनो, मुलाचे वय आणि गाठीचा फोटो एकत्र जावेत. ब्लॉकमध्ये किती टिश्यू उरला आहे हेही पत्रात नमूद करावे, म्हणजे समोरचा पहिला सेक्शन कापण्याआधीच तो कोणत्या चाचणीवर खर्च करायचा ते ठरवू शकतो.